साक्षात्कार मला होतो, साक्ष मी देतो

मिरजेहून एका ख्रिस्ती ताईंनी विचारलं आहे: "आमच्या मंडळीच्या उपकारस्तुतीच्या सभेसाठी फ्लेक्स करायचा आहे. मी 'जीवन बदलणारा देवाचा साक्षात्कार' असा मजकूर दिला. पाळकसाहेब म्हणतात, साक्षात्कार हा वेदान्ताचा शब्द आहे, आपण 'भेट' लिहावं. छापखान्यातल्या मुलाने 'साक्षातकार' असं करून पाठवलंय. बरोबर काय? आणि आपण सभेत 'साक्ष' देतो तिचा याच्याशी काही संबंध आहे का?"

सलाम, ताई. आधी छापखान्याचं निपटू. 'त'चा पाय मोडलेला हवा, साक्षात्कार. 'साक्षातकार' असा शब्द मराठीत नाही. त्या मुलाला पाय मोडून द्यायला सांगा.

पाळकसाहेबांकडे येतोच. पण हा शब्द निघालाच आहे तर बरेच दिवस मनात साचलेलं सांगतो. गेली काही वर्षं हा शब्द मी नुसता टोमण्यात ऐकतो आहे. "निवडणूक आली आणि साहेबांना शेतकऱ्याचा साक्षात्कार झाला." "आत्ता साक्षात्कार झाला होय तुला?" परवा साताऱ्यात पोवई नाक्यावर एका क्लासच्या पाटीवर 'यशाचा साक्षात्कार' वाचलं. ज्या शब्दापायी माणसांनी घरदार सोडलं, तो शब्द उशिरा शहाणपण सुचलेल्याला टोचायला वापरायचा? त्यासाठी 'उपरती' आहे, 'जाग आली' आहे, साधं 'उशिरा सुचलं' आहे. रोज टोमण्यात झिजलेला शब्द उद्या एखादी बाई सभेत उभी राहून रडत उच्चारते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानाला तो खोटा वाटतो. माझी तक्रार आहे ती ही.

'देवाचं दर्शन' हा ढोबळ अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. शब्दाच्या पोटात एक डोळा आहे, तो बघा. 'अक्ष' म्हणजे डोळा. प्रत्यक्ष, परोक्ष, समक्ष, गवाक्ष, सगळ्यांत तोच. 'स' म्हणजे सह. 'साक्ष' म्हणजे डोळ्यासह, आणि त्याची पंचमी 'साक्षात्'. आपल्या मराठीत याला बरोबर जोडीचा शब्द आहे: डोळ्यांदेखत. त्यापुढे 'कार', म्हणजे करणं.

इथे एक चुकीची फोड दूर केली पाहिजे, कारण ती मी प्रवचनांत आणि आमच्या उपासनेतही ऐकली आहे: "साक्षात् अधिक आकार, म्हणजे निराकार देवाने प्रत्यक्ष आकार घेणं." ऐकायला गोड आहे, पण होत नाही. 'जगत् + आधार' याचं 'जगदाधार' होतं, तसं 'साक्षात् + आकार' याचं 'साक्षादाकार' झालं असतं. 'त्' जागेवर राहिला आहे, याचा अर्थ पुढे 'क' आहे, 'आ' नाही. देवाने देह धारण केला हे सांगायला 'देहधारण' हा शब्द आपल्याकडे आहेच. त्यासाठी या शब्दाची मोडतोड नको.

आता खरी गंमत. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'साक्षात्प्रभृतीनि च' (१.४.७४). 'साक्षात्' आणि त्याच्या गटातले शब्द 'कृ' धातूशी कसे जोडले जातात, हे ते सांगतं. त्यावर वार्तिककाराने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना पुरवणी जोडणाऱ्याने, एक अट घातली: इथे 'च्वि' प्रत्ययाचा अर्थ असला पाहिजे. च्वीचा अर्थ काय? जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. पांढरं नव्हतं ते पांढरं झालं, तर शुक्लीभवन. हाच च्वी आपण रोज वापरतो: स्पष्टीकरण, शुद्धीकरण, रस्त्याचं रुंदीकरण. म्हणजे साक्षात्कारात 'डोळ्यांसमोर असणं' एवढंच नाही. 'डोळ्यांसमोर नव्हतं, ते डोळ्यांसमोर झालं' असा पालट त्यात धरलेला आहे. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही स्थिती एका शब्दात बसवल्या आहेत.

माझे एक संस्कृतचे प्राध्यापक स्नेही आहेत, त्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, "वार्तिक 'साक्षात्कृत्य' (साक्षात् करून) या रूपापुरतं आहे, त्याचा विकल्पही आहे, तुम्ही नामावर नको तेवढा अर्थ लादता." मी त्यांना दोनदा सांगितलं आणि पुन्हा सांगतो: रूप सिद्ध करताना व्याकरणकार बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ नोंदवतो. त्या बोलणाऱ्याने 'साक्षात्' आणि 'कृ' शेजारी ठेवले, तेव्हा त्याच्या मनात पालट होता. तोच माणूस त्याच दोन शब्दांचं नाम करताना तो पालट विसरला, असं मानायला आधार काय? तो त्यांनी अजून दिलेला नाही.

म्हणून ताई, तुमच्या मजकुरातलं 'जीवन बदलणारा' हे माझ्या मते जास्तीचं आहे. बदल शब्दातच आहे. बदल नसेल तर तो साक्षात्कार नव्हे, नुसतं दिसणं आहे.

साक्षीचं, म्हणजे सभेत उभं राहून देवाचा आपला अनुभव सांगण्याचं, तुम्ही विचारलंत ते फार योग्य विचारलंत. 'साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्' (५.२.९१) हे पाणिनीचंच दुसरं सूत्र. ज्याने साक्षात् पाहिलं, तो साक्षी. साक्षात्कार आणि साक्ष यांचा डोळा एकच. (आपण त्याला फारसी 'दार' लावून 'साक्षीदार' केलं. साक्षी म्हणजे मुळातच पाहणारा माणूस, त्याला आणखी 'बाळगणारा' कशाला, असं शुद्धिवादी म्हणतात. म्हणोत. कोर्टातही हाच शब्द चालतो आणि मंडळीतही.)

पण डोळा एक असला तरी वेदान्तातला साक्षी आणि बायबलातला साक्षी एक नव्हेत. पाळकसाहेबांनी आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्यायला हवा होता. उपनिषदातला साक्षी 'केवल' आहे, 'निर्गुण' आहे. तो पाहतो आणि अलिप्त राहतो. बायबलातल्या साक्षीला अलिप्त राहताच येत नाही. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना यरुशलेमेतल्या अधिकाऱ्यांनी गप्प बसायला बजावलं, तेव्हा त्यांचं उत्तर होतं की जे पाहिलं आणि ऐकलं ते बोलल्यावाचून आम्हाला राहवत नाही. ग्रीकमध्ये साक्षीला 'मार्तूस' म्हणतात. पुढे याच शब्दाला 'विश्वासासाठी जीव देणारा' असा अर्थ आला. साक्ष देता देता माणसं मेली, म्हणून शब्दाचा अर्थ वाढला.

येशूच्या शिष्यांचा छळ करायला दिमिष्काला निघालेला आणि वाटेत येशूच्या दर्शनाने पालटलेला शौल घ्या. हे उदाहरण सगळे देतात आणि बहुतेक जण त्यात एक चूक करतात. "देवाने शौलाचा पौल केला," असं घोकून सांगतात. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात नाव बदलल्याचा एक शब्दही नाही. तेराव्या अध्यायात 'शौल, ज्याला पौलही म्हणत' असं येतं, म्हणजे दोन्ही नावं त्याची होतीच. नाव बदललं नाही, माणूस बदलला. माझ्या डोळ्याच्या व्युत्पत्तीला इथे एक मोठा पेच आहे, तो मी लपवत नाही. साक्षात्कार म्हणजे डोळ्यांदेखत, पण शौलाचे तर डोळेच गेले. सोबत्यांनी हाताला धरून त्याला गावात नेलं, तीन दिवस दिसेना, अन्नपाणी सुटलं. मग हनन्या नावाचा शिष्य आला, त्याने हात ठेवले आणि डोळ्यांवरून खपल्यांसारखं काही गळून पडलं. मला वाटतं, पेचाचं उत्तर च्वीतच आहे. आधीचं दिसणं मोडल्याशिवाय नवं दिसणं होत नाही. आणि पुढे राजा अग्रिप्पापुढे हीच हकीकत सांगताना पौल म्हणतो की प्रभूने मला दर्शन दिलं ते सेवक आणि साक्षी नेमण्यासाठी. साक्षात्कार वाटेवर एकदाच झाला. साक्ष तो यरुशलेमेच्या जमावापुढे देतो, राजापुढे देतो.

आता मराठी काय करते पाहा. "मी साक्षात्कार केला" असं कोणी म्हणत नाही. "मला साक्षात्कार झाला." मला, चतुर्थी. भूक लागते मला, आठवण येते मला, ताप येतो मला, तसाच साक्षात्कार होतो मला. 'कार' म्हणजे करणं खरं, पण करणारा मी नव्हे. साक्षीच्या वेळी मात्र मी प्रथमेत येतो: "मी साक्ष देतो." ज्याला आपण कृपा म्हणतो ती समजावायला पाळकमंडळी तासभर बोलतात, मराठीने ती दोन विभक्तींत सांगितली आहे. म्हणून 'तीन दिवसांत साक्षात्कार करून घ्या' अशा शिबिरांच्या जाहिराती व्याकरणानेही चुकतात.

पाळकसाहेबांचं 'भेट'. शब्द उत्तम आहे. भेट म्हणजे गाठ पडणं आणि भेट म्हणजे देणगीही. देवाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, असा शब्द दुसऱ्या भाषांना सहज मिळायचा नाही. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला झाली ती भेट. येशू पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाला झाली ती भेट. पण 'साक्षात्कार आपला नव्हे' हे मला मुळीच मान्य नाही. साताऱ्यात राहून तर नाहीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची अखेरची वर्षं इथे गेली, 'देवाचा दरबार' ही त्यांची भक्तमंडळी इथलीच. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने हातात दिलेला नवा करार, मग मनाची दोन वर्षांची ओढाताण, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. या माणसाने बाप्तिस्म्याबरोबर आपली भाषा बुडवली नाही. ओवी, अभंग, तुकोबांचे शब्द, सगळं बरोबर आणलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली. एका घरातल्या दोघांचा पालट एकाच दिवशी होत नाही, हेही त्यात आलं.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि ते लेखन साक्ष म्हणूनच लिहिलं आहे. 'धर्मांतर' आणि 'साक्षात्कार' हे एकच असं समजून वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक हा एवढा तपशील वाचतील तर बरं होईल. बाप्तिस्म्याची तारीख वहीत लिहिता येते. साक्षात्काराची तारीख प्रत्येकाला सांगता येतेच असं नाही.

सज्जनगड माझ्या गावातून दिसतो, तेव्हा समर्थांचा लाडका शब्द 'प्रचीत' हाही आठवतो. प्रचीत वारंवार येते, साक्षात्कार एकदा होतो, एवढा फरक माझ्या कानाला जाणवतो. 'दृष्टान्त' मात्र फ्लेक्सवर नको. एरवी दृष्टान्त म्हणजे उदाहरण, देवाने स्वप्नात दिला तर आदेश, आणि आपल्या बायबलात हनन्याला प्रभू दृष्टान्तात बोलतो. येशू सांगतो ते 'दाखले'. वाचणारा गोंधळेल.

रोजच्या जगण्यात हे कुठे होतं, यावर कमी बोललं जातं. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य मैलोगणती येशूबरोबर चालले, त्याने शास्त्र उलगडून सांगितलं, तरी ओळख पटली नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली आणि त्यांचे डोळे उघडले. पुन्हा डोळेच. आणि तेही जेवणाच्या पंगतीत.

माझी आजी कराडकडची, शाळेत न गेलेली. मोतीबिंदू काढायला तिला तुमच्याच मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेलं होतं. पुढे मरेपर्यंत प्रार्थनासभेत तिची साक्ष एवढीच असायची: "पट्टी सोडली, आन् पयलं दिसलं ते सिस्टरबाईचं हात. थितंच मला द्येव घावला." लहानपणी मला ती साक्ष फार तोकडी वाटायची. आता त्यातला प्रत्येक शब्द मोजतो. घावला म्हणजे सापडला, हाती लागला. "मी शोधला" असं ती म्हणाली नाही. "मला घावला." तीच चतुर्थी, आणि खपल्या गळाल्यावर दिसलेलं पहिलं माणूस.

तर फ्लेक्सवर 'देवाचा साक्षात्कार' एवढंच छापा. पाळकसाहेबांसाठी खालच्या ओळीत 'साक्ष व उपकारस्तुती' लिहा, म्हणजे दोन्ही डोळे एका फलकावर येतील. आणि प्रूफ पुन्हा मागवा. 'त्' बरोबर उमटला आहे की नाही, ते छापायच्या आधी स्वतः बघा.