उठू देणारे खेळ निवड

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दहावीची परीक्षा आटोपली, निकालाला अवकाश आहे, आणि मामाकडे जाण्याआधी फोनवर कोणते खेळ घ्यावेत असं तू विचारलंस. विचारलंस ते बरं केलंस. निवडून घेतलेले तीन-चार खेळ सुट्टीभर पुरतात.

कुठलाही खेळ घेताना मी एकच पाहते: तो आपल्याला उठू देतो का? कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात. ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास. थांबायचं, नाहीतर पैसे टाकायचे. फोन खाली ठेवला तरी मन तिथेच अडकून राहतं. रोज हजेरी लावली तर बक्षीस आणि एक दिवस चुकला की सगळं पहिल्यापासून, हा प्रकारही त्यातलाच. असे खेळ तू घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने बनवलेला फ्लॅपी बर्ड जगभर धो धो चालला होता. लोकांना त्याचं व्यसन लागतंय म्हणून २०१४च्या फेब्रुवारीत त्याने तो स्वतःच स्टोअरमधून काढून घेतला. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

त्याच वर्षी आलेला मॉन्युमेंट व्हॅली तू नक्की खेळ. डच चित्रकार एशरच्या चित्रांवरून सुचलेले मनोरे, जिने आणि पूल त्यात आहेत. मनोरा फिरवला की मघाशी तुटलेली वाट जोडली जाते, आणि डोळ्यांनी आपल्याला फसवलं याचा आनंद होतो. मूळ खेळाचे दहाच भाग आहेत, दोन-तीन बैठकींत संपतात. विकत घ्यावा लागतो म्हणून आईबाबांना विचार. पण मधेमधे जाहिराती नाहीत, आणि संपल्यावर तो खरंच संपतो.

माझा सगळ्यात लाडका मात्र मिनी मेट्रो. कोऱ्या नकाशावर गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवत जातात आणि आपण बोटाने रेल्वेमार्ग ओढायचे. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशनावर पोचवायचं. खेळातला आठवडा उलटला की नवं इंजिन मिळतं, पण तोवर गर्दीही वाढलेली असते. एखादं स्टेशन फार वेळ तुंबलं की डाव संपला. त्यात मुंबईचाही नकाशा आहे, तो जरूर खेळ. मार्ग कुठे वळवावा, डबा कुठे जोडावा, याचा विचार करता करता दादरला एवढी गर्दी का होते ते आपसूक उमगायला लागतं.

मामाच्या गावी नेटवर्क येतं-जातं. त्यामुळे निघायच्या आधी प्रत्येक खेळ इंटरनेट बंद करून चालतो का ते पाहून घे. लुडो किंग तसा चालतो, आणि एकाच फोनवर आळीपाळीने चौघं खेळू शकता. तो नवी मुंबईत तयार झालाय. जाहिराती बऱ्याच येतात, पण आजीला खेळायला बसवण्यासाठी तेवढं सोसावं.

मे महिन्यात विदर्भातल्या दुपारी फोन चटकन तापतो. चार्जिंगला लावून खेळू नकोस. तापला तर कव्हर काढून सावलीत ठेव, फ्रिजमध्ये अजिबात नको.

स्टोअरमध्ये नावाखाली ‘जाहिराती आहेत’ आणि ‘अ‍ॅपमधील खरेदी’ लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लाव. पैसे लावून खेळायला कोणी लिंक पाठवली तर उघडू नकोस आणि घरात सांग. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे.

आणि बुद्धिबळ. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून तुझं चाललंय, शिकायचंय म्हणून. लिचेस हे अ‍ॅप घे. ते फुकट आहे, त्यात एकही जाहिरात नाही आणि ते देणग्यांवर चालतं. रोज कोडी सोडव. हरलीस की लगेच दुसरा डाव मांडू नकोस, आधी झालेला डाव मागे नेऊन चूक कुठे झाली ते शोध. त्याची सोय तिथेच आहे.

खातं उघडलंस की तिथलं नाव मला कळव. रविवारी संध्याकाळी दहा-दहा मिनिटांचा एक डाव लावू. पांढरी मोहरी तुझी.

तुझी,
मावशी