पेज कुणाचं आणि पैसे कुणाचे?

प्रश्न : इलेक्शन जवळ आलं की न विचारता मला कुठल्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपात टाकतात, माझा नंबर यांना मिळतो कुठून? आणि फेसबुकवर पक्षाचं नाव नसलेली, रोज एकाच नेत्याची टिंगल करणारी पेजेस असतात ती कोण चालवतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : मतदारयादीत फोन नंबर नसतो, त्यामुळे तिकडून नाही मिळत. आरोग्य शिबिराचा फॉर्म, हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉचं कूपन, असं आपणच कुठेतरी लिहून दिलेलं असतं. मिस्ड कॉलवरून सदस्य करून घेणं हा तर भाजपने 2014 मध्ये उघडउघड वापरलेला मार्ग, त्यात लोक स्वतःच नंबर देऊन मोकळे.

आणि एवढे ग्रुप का लागतात, तर 2020 पासून व्हॉट्सअॅपवर पाच वेळा फिरलेला मेसेज पुढे एका वेळी एकाच चॅटला जातो, म्हणून वरून आलेला मजकूर बूथवरच्या कार्यकर्त्याने आपापल्या ग्रुपात नव्याने टाकायचा, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर येणारे ते दोन बाण पण दिसत नाहीत आणि पाठवणारा ओळखीचा असल्याने आपण वाचतो पण. पक्षाचं अधिकृत पेज काय, ते पत्रकारांसाठी!

आता बिननावाची पेजेस. पेज पैसे देऊन राजकीय जाहिरात करत असेल तर मेटाच्या (म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीच्या) अॅड लायब्ररीत, जाहिरातींच्या तिच्या जाहीर यादीत, नाव टाकून बघा, पैसे कुणी भरले, साधारण किती, कुठल्या राज्यात कुठल्या वयाच्या लोकांना दाखवली, सगळं दिसतं (आपल्याकडे 2019 पासून). पण ‘पैसे भरणारा’ म्हणून पेजचंच नाव लिहिलेलं असलं की झालं, गाडी तिथेच अडते. निवडणूक आयोगाने 2013 मध्येच उमेदवाराने आपली सोशल मीडिया खाती प्रतिज्ञापत्रात द्यावीत, जाहिराती आधी तपासून घ्याव्यात असं सांगितलंय, तरी स्वतःच्या खात्यावरची साधी पोस्ट जाहिरातीत धरत नाहीत. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, मग असली पेजेस कुणाच्या हिशोबात बसवणार? माझ्या मते खरी गोम इथेच आहे, डीपफेकचा, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या व्हिडिओंचा, गाजावाजा उगाच जास्त होतो.

ग्रुपांचं म्हणाल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. मग अनोळखी कार्यकर्त्याला आधी लिंक पाठवून तुम्हाला विचारावं लागेल. नंबर सेव्ह केलेला दादा मात्र टाकणारच.