सकाळी उठल्या उठल्या वाकू नका

प्रश्न: ताई, माझं वय ४३. राहते डोंबिवलीला, ऑफिस फोर्टला. सकाळच्या फास्टमध्ये बसायला मिळायचं नावच नको, आणि ऑफिसात गेलं की दिवसभर खुर्ची. घरी येऊन भाजी चिरायला उभी राहिले की कंबर आणि खुबे असे धरतात की नीट सरळ व्हायला वेळ लागतो. मोबाइलवर बघून सकाळी उठल्याबरोबर पाय लांब करून अंगठे धरायचा व्यायाम सुरू केला तर दुखणं वाढलंच. स्ट्रेचिंग बंद करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बंद अजिबात नका करू, वेळ आणि प्रकार बदला. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर तरी पुढे वाकायचं नाही, तेव्हा वाकलं की गादीवर ताण जास्त येतो आणि तुमचं बहुतेक तिथेच बिनसलंय. संध्याकाळी घरी आल्यावर चहा झाला की करा, अंग गरम असतं तेव्हा.

दुसरं म्हणजे तुमचं दुखतंय मागे, पण आखडलेलं बऱ्याचदा पुढचं असतं. सोआस नावाचा स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघतो तो जांघेतून थेट मांडीच्या हाडाला जातो, तासन्‌तास बसलं की तो आखूड अवस्थेतच राहतो आणि उभं राहिलं की कंबरेला पुढे ओढतो. म्हणून आधी तो मोकळा करा. सतरंजीची घडी करून त्यावर उजवा गुडघा टेकवा, डावं पाऊल पुढे, हवं तर पलंगाचा आधार घ्या. आता उजव्या बाजूचा कुल्ला आवळून धरा आणि मगच अंग किंचित पुढे न्या, अगदी दोन बोटं. उजव्या जांघेत ताण कळला की तिथेच थांबा, श्वास चालू ठेवा, ३० सेकंद. बरेच जण इथे पोट पुढे काढून कंबर वाकवतात आणि मग सगळा भार नको तिथे येतो, त्यापेक्षा कमी पुढे गेलेलं चालेल. दोन्ही बाजूंनी दोनदा.

मग पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवून डावी मांडी दोन्ही हातांनी छातीकडे ओढा. ताण कुल्ल्यात जाणवायला हवा. पायात मुंग्या उतरल्या तर लगेच सोडा, कारण कंबरेतून पायात उतरणारी मोठी सायटिक नस तिथूनच जाते. शेवटी मार्जरासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ मांजरीसारखी वर-खाली करायची, हळूहळू आठ-दहा वेळा.

आणि ऑफिसात अर्ध्या तासाने उठाच हो, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवा म्हणजे भरायला जावंच लागेल. लोकलमध्ये उभं राहताना एकाच पायावर भार देऊन जड पर्स एकाच खांद्याला लटकवू नका, गर्दीत जमेल तितकं पाय बदलत राहा.

दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जाऊन तपासून घ्या. पाऊल उचलायला जड वाटलं, बसायच्या जागी बधिर झालं किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर मात्र व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.