वाडीवर केबल न्यायची, पण सोनं गहाण ठेवून?

वाचकाचा प्रश्न: "मी पाटण तालुक्यात, बाजाराच्या गावात २००४ पासून केबल चालवतो. वय ४६. २०१७ साली सगळं डिजिटल झालं तेव्हा ४१० जोडण्या होत्या, आता २३६ उरल्यात. वरच्या अंगाला डोंगरात चार वाड्या आहेत, मिळून १७० घरं. तिथं केबल कधी गेलीच नाही. पावसाळ्यात डिशला चार-चार दिवस चित्र नसतं. मोबाइलची रेंज मिळते ती एका कड्यावर. लोक म्हणतात, तुम्ही लाइन आणा. १४ किलोमीटर फायबर पडेल, खर्च ८ लाख. पत्नीचं ९ तोळे सोनं पतसंस्थेत ठेवलं तर तेवढे मिळतात, व्याज साडेअकरा टक्के. पाच वर्षं धरली तर हप्ता १७,६०० येतो. टीव्हीच्या एका जोडणीमागे माझ्या हातात ११० रुपये राहतात, म्हणजे १७० घरांचे १८,७००. हप्ता सुटतो. निम्मी घरं मुंबईला असतात, पण ती येऊन-जाऊन आहेत. पत्नीची तयारी आहे. मुलगी बारावीला आहे, तिच्यासाठी २ लाख ४० हजारांची एफडी आहे. कमी पडलं तर ती मोडेन. करू का?"

नमस्कार.

आधी उत्तर सांगतो: चारही वाड्यांचं काम एकदम, सोनं ठेवून, करू नका. खालची एक वाडी करा, तीही माझ्या खालच्या हिशेबात बसली तरच. एफडीचा तर विचारही नको.

पण तुमची कळकळ खोटी नाही, हेही लिहायला हवं. डिजिटल टीव्ही देशात टप्प्याटप्प्याने आला. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर, पुणे-सोलापूर-नाशिकसारख्या शहरांत मार्च २०१३ अखेर आणि तुमच्यासारख्या ग्रामीण भागात ३१ मार्च २०१७ ला. कायद्याने जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं, पण वाडीपर्यंत तार नेण्याची सक्ती कुणावर केली नाही. दूरदर्शननेही कौलांवरच्या अँटेनाला चित्र देणारे आपले जुने ट्रान्समीटर हळूहळू बंद केले. बाजाराच्या गावाला शंभरावर वाहिन्या मिळाल्या आणि डोंगरावरच्या म्हातारीचं होतं ते सह्याद्रीचं चित्रही गेलं. २०२० च्या जुलैमध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. ज्या घरात डिश होती आणि रिचार्ज होता, त्या घरातल्या पोरांची शाळा भरली. बाकीच्यांची नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी नुसता कर्जाचा मानत नाही. तरीही कर्ज तुमचं आहे आणि सोनं वहिनींचं, त्यामुळे हिशेब कठोरपणेच करावा लागेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: निम्मी घरं मुंबईला असतात. पाटण-जावळीकडची माणसं माथाडी कामाला, गिरणीत, पुढे टॅक्सीवर मुंबईला गेली, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ही घरं मे महिन्यात, गणपतीत आणि गावच्या यात्रेला उघडतात. मग कुलूप. प्रीपेड केबलचं सूत्र साधं आहे: कुलूप लागलं की रिचार्ज थांबला, रिचार्ज थांबला की तुमचे ११० रुपये थांबले. हप्ता मात्र बाराही महिने चालू.

म्हणून १७० हा आकडा सोडून द्या. बारमाही उघडी घरं ८५ धरू. त्यांतल्या काहींकडे डिश आहे आणि ती चांगली चालते, काहींकडे टीव्हीच नाही. ६० जोडण्या मिळाल्या तरी मी त्याला यश म्हणेन. साठांचे ६,६०० होतात. त्यांतल्या वीस घरांनी इंटरनेटही घेतलं आणि त्यात तुमच्या वाट्याला दोनशे आले तर आणखी ४,०००. एकूण १०,६००. हप्ता १७,६००. दर महिन्याला सात हजार घरातून घालायचे, आणि त्यात अजून देखभालीचा एक रुपयाही धरलेला नाही. चौदा किलोमीटर तार झाडाझाडांतून जाणार. कोयनानगर-नवजा पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झाड पडलं की तार तुटणार, वानरं लोंबकळणार, तुम्ही तुटलेली फायबर जोडणारं स्प्लायसिंग मशीन भाड्याने आणून घाटात उभे राहणार. जुन्या कोअ‍ॅक्सच्या, म्हणजे तांब्याच्या केबलच्या, मानाने फायबरला आकाशातल्या विजेची भीती कमी हे खरं, पण वाडीत लाइट गेली की घरातला सेट-टॉप बॉक्सही गेला.

आता सध्याच्या धंद्याकडे बघू, कारण तूट तिथूनच भरणार आहात. आठ वर्षांत १७४ जोडण्या गेल्या, म्हणजे वर्षाला बावीसच्या आसपास. हाच वेग राहिला तर कर्ज फिटेपर्यंत आणखी ११० जातील आणि महिन्याचं उत्पन्न आजच्यापेक्षा बारा हजारांनी कमी असेल. हे तुमचं अपयश नाही. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे, म्हणजे खासगी डिशचे, देशभरातले ग्राहकही घसरत घसरत सहा कोटींच्या खाली आलेत. लोक मोबाइलवर बघतात, नाहीतर दूरदर्शनच्या फुकटच्या फ्री डिशवर. ट्राय या नियामकाने जुलै २०२४ मध्ये जोडणीच्या मासिक नेटवर्क शुल्कावरची १३० रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकली, म्हणून दर वाढवून भागेल असं वाटू शकतं. पण समोर फुकटचा पर्याय असलेल्या गावात दर वाढवून किती माणसं टिकतील, ते तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. आणि वेगळा करार नसेल तर त्या शुल्कातले ५५ टक्के तुम्हाला सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीकडे जातात, ४५ तुमच्याकडे.

सोन्याबद्दल. पाच वर्षांचा हप्ता तुम्ही स्वतः मांडलाय की पतसंस्थेने लेखी दिलाय? सोनेतारण बहुतेक ठिकाणी वर्षभराचं असतं. वर्ष संपलं की व्याज भरून नूतनीकरण, नाही जमलं तर नोटीस आणि लिलाव. ज्या तारेचे पैसे सुटायला पाच-सात वर्षं लागणार, तिच्यासाठी वर्षाच्या मुदतीचा पैसा वापरणं हेच मुळात चुकतंय. शिवाय वहिनींची तयारी आहे हे तुम्ही चार शब्दांत उरकलंत. वरचे दोन्ही आकडे, सात हजारांची तूट आणि बारा हजारांची घसरण, कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा आणि मग पुन्हा विचारा. तयारी तेव्हाची खरी.

मग वाड्यांचं काय? इथे मला तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. "चार-चार दिवस चित्र नसतं." मुसळधार सरीत अर्धा-पाऊण तास चित्र जाणं ही डिशच्या लहरींची मर्यादा आहे, ती सगळीकडे असते. पण पाऊस ओसरल्यावरही चार दिवस चित्र नसेल, तर तो पावसाचा दोष नाही. डिश वाऱ्याने हललेली असते, एलएनबीत (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, लहरी पकडणाऱ्या भागात) पाणी गेलेलं असतं, कनेक्टर गंजलेला असतो, नाहीतर आग्नेयेला लावलेला आंबा आता डिशच्या आड आलेला असतो. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, बराच उंचावर दिसतो. त्यामुळे डोंगर सहसा आड येत नाही, झाड येतं. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची डिश, पक्कं सिमेंटचं बूड आणि कनेक्टरवर नीट गुंडाळलेली टेप एवढ्याने पावसाळ्यातला बराच खंड कमी होतो. वाडीत हे करणारा माणूस नाही, ही खरी अडचण आहे. तो माणूस तुम्ही आहात.

फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, महिन्याचं शुल्क नाही. सह्याद्री आहे, शाळेच्या वाहिन्या आहेत. खासगी मराठी वाहिन्यांची जागा लिलावाने ठरते, त्यामुळे त्या येतात-जातात, एवढं गिऱ्हाइकाला आधीच सांगा. वरच्या तीन वाड्यांत तुम्ही साहित्य, बसवणं आणि मे अखेरची एक तपासणी असा वर्षाचा दुरुस्ती करार करा. घरामागे वर्षाला सहाशे घेतले आणि चाळीस घरं मिळाली, तर चोवीस हजार. यात कुठलीही कंपनी वाटेकरी नाही आणि भांडवल म्हणून लागेल ते सिग्नल मीटर आणि थोडा माल. स्वतःच्या धंद्याचा स्पर्धक आपणच बसवायचा, हे जड जाईल. पण तिथे तुमची केबल नाहीच. त्या वाड्यांत तुम्ही काहीच गमावत नाही.

खालच्या वाडीचा हिशेब वेगळा आहे. सोबतच्या कागदावर तुम्ही लिहिलंय: तुमच्या शेवटच्या खांबापासून ३ किलोमीटर, ५२ घरं, खर्च १ लाख ९० हजार. इथं मी असं करेन. वाडीचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ असेलच. त्यांच्या बैठकीला जा आणि घरामागे १,५०० रुपये लाइन वर्गणी मागा, परत न करण्याच्या बोलीवर, पावती देऊन. मुंबईच्या मुलाला टीव्हीपेक्षा आई-वडिलांना व्हिडिओ कॉल लागणं महत्त्वाचं वाटतं, तेव्हा बोलणं इंटरनेटपासून सुरू करा. ४५ घरांनी दिले तर ६७,५०० होतात. वर्षाचं रिचार्ज मात्र आगाऊ घेऊन भांडवलात घालू नका. त्या पैशातला मोठा भाग कंपनीच्या वॉलेटमध्ये, म्हणजे रिचार्जच्या खात्यात, भरायचा असतो, तो तुमचा नाहीच. या एका चुकीने मी चांगले चाललेले केबलवाले कर्जात गेलेले पाहिलेत.

उरले १ लाख २० हजारांच्या आसपास. त्याला सोनं लागत नाही. मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. तुमचा धंदा जुना आहे, नोंदणी आहे, बँकेचे उतारे आहेत. (नोंदणी पूर्वी पोस्टात व्हायची, २०२५ पासून ती ऑनलाइन आणि पाच वर्षांची झाली आहे. तुमची मुदत तपासून घ्या.) साडेअकराच धरले तर तीन वर्षांचा हप्ता ३,९५० च्या आसपास. तीस घरांचे ३,३०० आणि दहा इंटरनेटचे २,००० मिळून ५,३००. देखभालीला हजार काढले तर हप्ता जेमतेम सुटतो. जेमतेमच, म्हणून तीसपेक्षा कमी घरं तयार असतील तर हीही वाडी थांबवा. बंद झालेल्या जोडण्यांचे किती बॉक्स परत आलेत ते मोजा. चालू कंपनीचेच असतील तर नवे घ्यायचा खर्च वाचेल.

तार ओढण्याआधी ग्रामपंचायतीत एक चौकशी करा. भारतनेटची, म्हणजे गावोगाव इंटरनेट नेण्याच्या केंद्राच्या योजनेची, फायबर पंचायतीपर्यंत आली आहे का, चालू आहे का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केलेत. स्थानिक केबलचालकांना भागीदार म्हणून घेण्याची 'उद्यमी' पद्धतही त्यात आहे. सरकारची तार जाणार असेल तिथे तुम्ही कर्ज काढून दुसरी ओढू नये. तसंच कड्यावर मोबाइल टॉवर मंजूर झालाय का तेही विचारा. टॉवर उभा राहिला की तुमच्या इंटरनेटच्या दहा जोडण्यांतल्या निम्म्या डळमळतील. खांबांसाठी महावितरणची परवानगी लेखीच घ्या. तोंडी परवानगीवर टाकलेली तार एका दिवसात उतरवली जाते.

एफडी मुलीच्या नावाने वेगळी ठेवा. बारावीनंतरचा खर्च दारात आहे, तो पुढे ढकलता येत नाही. आणि तुम्ही खांबावर चढणारे आहात, घरात मिळवते एकटे, तरी पत्रात विम्याचा उल्लेख नाही. बँकेतून वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा याच आठवड्यात चालू करा. दोन्हींत २-२ लाखांचं संरक्षण आहे. ते पुरेसं नाही, म्हणून मोठा अपघात विमा आणि टर्म विमाही बघा. पण सुरुवात इथून.

शेवटी एक काम. सणवार, लग्नसराई काही नसलेल्या आठवड्यात, मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी साडेसातला चारही वाड्यांत चक्कर मारा आणि दिवा लागलेली घरं मोजा. प्रत्येक वाडीचा आकडा, त्यांतल्या किती घरांत टीव्ही आहे आणि किती डिश बंद पडल्यात, एवढं मला लिहून पाठवा. दुसऱ्या वाडीबद्दल त्यावरून बोलू.