वाचकांचे प्रश्न : टेस्ला विचारता, तशी कॉइलही विचारा

प्रश्न : ताई, माझ्या ११ वर्षांच्या मुलीला झटके येतात. पहिला एमआरआय १.५ टेस्लाच्या मशीनवर काढला, रिपोर्ट नॉर्मल आला. आता न्यूरोलॉजिस्टनी ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल, ३ टेस्ला’ असं लिहून दिलंय. एका सेंटरवर ३२ चॅनलची हेड कॉइल आहे म्हणतात, दुसरीकडे १६ चॅनलची आहे पण दर कमी. पहिला एमआरआय वाया गेला का? आणि हे चॅनल म्हणजे नेमकं काय?
– एक पालक, सांगली

उत्तर : वाया अजिबात गेला नाही. मोठी गाठ, रक्तस्राव, पाणी साठणं यांपैकी काही नाही, एवढं त्यातून कळलं. ती फिल्म आणि सीडी दोन्ही घेऊन जा. नव्या प्रतिमांशेजारी जुन्या ठेवून पाहणं रेडिओलॉजिस्टना फार उपयोगी पडतं.

टेस्ला हे यंत्रातल्या चुंबकाच्या ताकदीचं माप, आणि एपिलेप्सी प्रोटोकॉल म्हणजे झटक्यांच्या, अर्थात अपस्माराच्या पेशंटसाठी कोणत्या प्रतिमा कशा काढायच्या याची ठरलेली यादी. आता डॉक्टर शोधताहेत ती गोष्ट बारीक आहे. मेंदूचा वरचा करडा थर, म्हणजे कॉर्टेक्स, बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड असतो. कधीकधी जन्मापासूनच त्याच्या एखाद्या तुकड्याची घडण बिघडलेली असते. तिथे थर किंचित जाड दिसतो, करड्या-पांढऱ्या भागाची सीमा पुसट होते. झटके तिथून सुरू होऊ शकतात. नेहमीच्या तपासणीत स्लाइस, म्हणजे प्रतिमेतला मेंदूचा एक काप, साधारण ५ मिलिमीटर जाडीची असते. एवढ्या जाडीत ती पुसट सीमा आजूबाजूच्या भागात मिसळून जाते आणि रिपोर्ट प्रामाणिकपणे ‘नॉर्मल’ येतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ साली सुचवलेल्या प्रोटोकॉलमध्ये थ्री-डी टी-वन आणि थ्री-डी फ्लेअर, दोन्ही १ मिलिमीटर बाजूच्या घनाएवढ्या ठिपक्यांत, आणि हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला स्मरणशक्तीशी संबंधित भाग) काटकोनात टी-टू अशा प्रतिमांच्या तीन मालिका आहेत. टी-वन, टी-टू, फ्लेअर हे एमआरआय प्रतिमांचे प्रकार; प्रत्येकात वेगळ्या गोष्टी उठून दिसतात. यंत्र शक्यतो ३ टेस्लाचं असावं, असंही त्यांनी म्हटलं आहे.

कॉइलचं महत्त्व इथे सुरू होतं. ५ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या स्लाइसमध्ये एका ठिपक्यामागे साधारण ४ घन मिलिमीटर मेंदू असतो. नव्या प्रतिमेत फक्त १. म्हणजे त्या ठिपक्यातून येणारा सिग्नल एकदम पावपट. पुन्हापुन्हा मोजून सरासरी काढली तर सिग्नल सुधारतो, पण फार हळू: दुप्पट चांगली प्रतिमा हवी तर चौपट वेळ, चौपट हवी तर सोळापट. थ्री-डी पद्धतीत सगळ्या मेंदूचा सिग्नल एकत्र गोळा होतो, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढा वेळ लागत नाही. तरी उरलेली तूट कुठून तरी भरायची असतेच. काही भाग ३ टेस्लाचं चुंबक भरतं, आणि मोठा भाग डोक्याभोवतीची कॉइल भरते.

हेड कॉइल म्हणजे चेहऱ्यावर येणारा तो पिंजरा. त्याच्या प्लास्टिकच्या आत तांब्याची वेटोळी आणि कपॅसिटर असतात. १.५ टेस्लात शरीरातल्या हायड्रोजनचा सिग्नल सुमारे ६४ मेगाहर्ट्झला येतो, ३ टेस्लात सुमारे १२८ ला. वेटोळं त्याच फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं असतं. बहुतेक यंत्रांत रेडिओलहरी सोडायचं काम बोगद्याच्या भिंतीतली मोठी बॉडी कॉइल करते, आणि हा पिंजरा फक्त ऐकतो. सिग्नलमध्ये मिसळणारी नको ती खरखर, म्हणजे गोंगाट; त्याचा मोठा भाग पेशंटच्या शरीरातूनच येतो. मोठं वेटोळं खोलवर ऐकतं खरं, पण त्याला सगळ्या डोक्याचा गोंगाटही ऐकू येतो. लहान वेटोळ्याला जवळचं तेवढंच ऐकू येतं, आणि गोंगाटही तेवढ्याच भागाचा. कीर्तनात मांडवाच्या टोकाला एक माइक लावला तर बुवांच्या आवाजाबरोबर सगळ्या मांडवाची कुजबुज येते. बुवांसमोर धरला तर त्यांचा आवाज स्वच्छ येतो, पण मागच्या टाळकऱ्यांसाठी दुसरा माइक लागतो. म्हणून डोक्याभोवती अनेक लहान वेटोळी बसवतात. प्रत्येकाचा अॅम्प्लिफायर वेगळा, आणि सगळ्यांचे सिग्नल शेवटी संगणक जोडतो. स्वतंत्रपणे ऐकणारी अशी एक वाट म्हणजे एक चॅनल.

तेव्हा ३२ की १६? तुमच्या मुलीच्या बाबतीत शोध कॉर्टेक्समध्ये आहे, आणि कॉर्टेक्स कॉइलला सगळ्यात जवळ असतो. जास्त चॅनलचा फायदा नेमका तिथेच ठळक दिसतो. मेंदूच्या मध्यावर, थॅलॅमस किंवा ब्रेनस्टेमपाशी, हा फरक बराच कमी होतो. तपासणी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची असती तर मी तुम्हाला चॅनलवरून सेंटर निवडू नका असंच सांगितलं असतं. वेळेचाही मुद्दा आहे. वेटोळी अनेक असली की प्रत्येकाची जागा वेगळी असल्याचा फायदा घेऊन कमी मोजमापांत प्रतिमा बांधता येते. झुरिचमध्ये १९९९ साली ‘सेन्स’ आणि वुर्झबर्गमध्ये २००२ साली ‘ग्रॅपा’ या पद्धती आल्या, त्या यासाठीच. पण वेळ निम्मा केला की गोंगाट वाढतोच, आणि चॅनल कमी असतील तर मेंदूच्या मधल्या भागात तो आणखी वाढतो. प्रतिमेत मध्येच वाळूसारखे दाणे दिसतात ते त्यामुळे.

तरीही माझं स्पष्ट मत सांगते. पूर्ण एपिलेप्सी प्रोटोकॉल काढणारं आणि न्यूरोरेडिओलॉजीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून वाचून घेणारं १६ चॅनलचं सेंटर, नेहमीच्याच ५ मिलिमीटरच्या स्लाइस काढणाऱ्या ३२ चॅनलच्या सेंटरपेक्षा कधीही चांगलं. फोन करून एवढंच विचारा : १ मिलिमीटरचं थ्री-डी फ्लेअर काढता का, आणि प्रतिमा कोण वाचतं? दोन्हीकडे उत्तर समाधानकारक मिळालं, तर दरात थोडा फरक असला तरी ३२ चॅनल घ्या.

आणि एक गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. कॉइल कितीही भारी असली तरी डोकं तिच्यात नीट बसलं पाहिजे. मुलांचं डोकं मोठ्यांच्या कॉइलमध्ये सैल बसतं, आणि वेटोळ्यापासून अंतर वाढलं की सिग्नल झपाट्याने घसरतो. चांगली टेक्नॉलॉजिस्ट दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या सारते, डोकं मागच्या वेटोळ्यांवर टेकलंय ना, टाळू पुरेशी आत गेली ना, हे पाहते. त्या दोन मिनिटांत घाई करू देऊ नका. मुलीच्या वेण्या मागे बांधू नका, केस मोकळे सोडून बाजूला घ्या. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी अंबाडा सोडायला लावते, ते पिनांपायी तर असतंच, पण अंबाडा राहिला की डोकं मागच्या वेटोळ्यांपासून उचललं जातं आणि मेंदूचा मागचा भाग फिका पडतो. फिटच्या गोळ्या मात्र नेहमीच्या वेळेलाच द्या.

झाल्यावर फिल्मबरोबर डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या फाइलींची प्रमाण पद्धत) सीडी मागून घ्या. त्या फाइलींच्या माहितीत चुंबकाची ताकद, स्लाइसची जाडी आणि बहुतेक वेळा वापरलेल्या कॉइलचं नावही असतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेच उपयोगी पडतं.

प्रश्न : मी एमएस्सी फिजिक्सला आहे. लहान वेटोळी चांगली, तर हजार का लावत नाहीत? शिवाय शेजारची वेटोळी एकमेकांत गडबड करत नाहीत का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण सगळं गाडं तिथेच अडलं होतं. शेजारच्या दोन वेटोळ्यांत म्युच्युअल इंडक्टन्स असतो. एकाचा सिग्नल आणि गोंगाट दुसऱ्यात उतरतो, जुळवलेली फ्रिक्वेन्सीही फाटते. १९८५ साली हेज आणि सहकाऱ्यांनी दिलेली बर्डकेज कॉइल एकच, सगळीकडे सारखं ऐकणारी होती, त्यामुळे तिथे हा प्रश्न नव्हता. १९९० मध्ये रोमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन वेटोळी ठरावीक अंतरापर्यंत एकमेकांवर चढवली तर त्यांच्यातला म्युच्युअल इंडक्टन्स शून्य होतो. लांबच्या वेटोळ्यांसाठी त्यांनी कमी इम्पिडन्सचे प्रीअॅम्प्लिफायर वापरले, म्हणजे वेटोळ्यातून प्रवाह फारसा वाहतच नाही आणि दुसऱ्यात काही उतरत नाही. दोन गोल काढून तू स्वतः फ्लक्सचं गणित करून बघ. इतकी सुंदर युक्ती मला या क्षेत्रात दुसरी माहीत नाही.

आता हजारांचं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने २००६ मध्ये फुटबॉलवरच्या पंचकोन-षट्कोनांच्या मांडणीवर ३२ वेटोळ्यांची हेड कॉइल केली आणि २००९ मध्ये ९६ ची. वेटोळं लहान होत गेलं की एका टप्प्यावर डोक्याच्या गोंगाटापेक्षा तांब्याचा आणि सांध्यांचाच गोंगाट जास्त होतो. मग आणखी लहान करून हाती काही लागत नाही. डोक्याच्या मध्यावर तर मिळू शकणाऱ्या सिग्नलला भौतिकशास्त्रानेच मर्यादा घातली आहे. शिवाय केबल, कनेक्टर आणि बिघडण्याच्या जागा वाढतात. आम्ही रोज सकाळी मिठाच्या द्रावणाची बाटली ठेवून कॉइल तपासतो. एखादं वेटोळं मेलं तर प्रतिमा बघून चटकन लक्षात येत नाही, चॅनलवार आकडे पाहिले की कळतं.

तुला यात पुढे जायचं असेल तर पवईला आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेची माहिती काढ. देशी बनावटीच्या १.५ टेस्ला यंत्रावर तिथे काम झालं आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स पक्कं कर.

प्रश्न : माझं वय ६८. तो पिंजरा तोंडावर आला की जीव घाबरतो. वरचा भाग काढून एमआरआय करता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, काही कॉइलचा वरचा भाग निघतो, पण त्यातच पुढची वेटोळी असतात. तो काढला की कपाळामागचा भाग फिका आणि दाणेदार येतो. तसं करण्याआधी दुसरे उपाय करून पाहू. बऱ्याच कॉइलवर आरसा बसवता येतो. त्यातून पायांपलीकडची खोली दिसते आणि बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं. टेबल आत जायच्या आधीच डोळे मिटा, हातात बेल घ्या, घरच्या कुणाला तरी पायाशी उभं राहू द्या; मात्र त्यांच्या अंगावर धातू नको आणि पेसमेकर नाही ना, हे आधी तपासून घेतील. प्रत्येक मालिकेनंतर माइकवरून ‘पुढची इतक्या मिनिटांची’ असं सांगा, अशी टेक्नॉलॉजिस्टला आधीच विनंती करा. एवढं करूनही जमलं नाही तर गुंगीचं औषध द्यायचं की कॉइलचा वरचा भाग काढून भागवायचं, हे तुमचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतील. तुम्हाला भीती वाटते हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, म्हणजे तुमच्यासाठी वेळ थोडा जास्त राखून ठेवता येईल.