वाचकांची प्रश्नपेटी : एफटी-८ ऐकताना फिल्टर किती रुंद ठेवावा?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : एफटी-८ हा हौशी रेडिओवर संगणकाने छोटे संदेश पाठवायचा डिजिटल प्रकार ऐकायला आयकॉम आयसी-७३०० या रेडिओवर १४.०७४ मेगाहर्ट्झला यूएसबी-डी मोड (वरच्या साइडबँडचा डेटा मोड) लावला, की वॉटरफॉलचा (संगणकावर दिसणाऱ्या सिग्नलांच्या चित्राचा) मधलाच पट्टा, साधारण ९०० ते २१०० हर्ट्झ, उजळतो. दोन्ही बाजूंना अंधार. साउंड कार्ड बिघडलं आहे का?

उत्तर : कार्ड ठीक आहे. या रेडिओत डेटा मोडचा पहिला फिल्टर कारखान्यातूनच १.२ किलोहर्ट्झचा येतो आणि तुम्हाला दिसतोय तो पट्टा तेवढाच आहे. यूएसबी-डी मध्ये असतानाच स्क्रीनवरच्या फिल्टरच्या खुणेवर सेकंदभर बोट दाबून ठेवा, एफआयएल-१ निवडा, 'बीडब्ल्यू'ला स्पर्श करा आणि मोठा डायल फिरवून रुंदी ३.० किलोहर्ट्झ करा. मग पुन्हा 'बीडब्ल्यू'ला स्पर्श करा. साध्या यूएसबीचे फिल्टर वेगळे जपलेले असतात, त्यामुळे तिथे बदल करून इथे काही होणार नाही.

एफटी-८ चा एक सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेतो. मग एवढा रुंद फिल्टर कशाला? कारण डब्ल्यूएसजेटी-एक्स (सिग्नल डिकोड करणारा संगणक-प्रोग्राम) एकाच वेळी सगळा पट्टा ऐकतं आणि प्रत्येक सिग्नल स्वतःच गाळून वेगळा काढतं. रेडिओने आधीच कडा कापल्या, तर तिथली स्टेशनं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

प्रश्न (नेरुळ, नवी मुंबई) : रात्री ७.०७४ वर जवळच्याच सेक्टरमधले एक हॅम (हौशी रेडिओचालक) पाठवू लागले, की माझा अख्खा वॉटरफॉल फिका पडतो आणि दूरची स्टेशनं नाहीशी होतात. फिल्टर कायम ५०० हर्ट्झवर ठेवू का?

उत्तर : कायम नको. इथे दोष एजीसीचा, म्हणजे रेडिओचा आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचा आहे. पट्ट्यात एक जबरदस्त सिग्नल शिरला, की एजीसी सगळ्यांचाच आवाज खाली ओढते आणि कमकुवत सिग्नल त्यात बुडतात. डिकोड करणाऱ्या प्रोग्रामात कितीही बारीक गाळणी असली तरी उपयोग नाही, कारण घाव आधीच बसलेला असतो. म्हणून प्रयत्न या क्रमाने करा.

आधी प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) बंद करा. ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) रात्री त्याची गरजच नसते. मग एजीसी 'फास्ट' करा आणि आरएफ गेन (रेडिओची संवेदनशीलता) कमी करत जा, पार्श्वभूमीचा गोंगाट जेमतेम दिसेल इतका. एवढ्याने भागलं नाही तरच फिल्टरला हात लावा, तोही पीबीटीने (फिल्टरच्या कडा सरकवणाऱ्या नॉबने) : शेजाऱ्यांचा सिग्नल ७०० हर्ट्झवर आणि तुमचं लक्ष्य १९०० वर असेल, तर खालची कड १२०० च्या वर सरकवा. संपर्क झाला की पीबीटी पूर्ववत करायला विसरू नका. पुढचा तासभर अर्धा बँड ऐकू न येण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

स्क्रीनवर 'ओव्हीएफ' दिसलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा रेडिओचं एडीसीच (येणाऱ्या सिग्नलचे आकडे करणारा भाग) भरून वाहतंय, फिल्टर त्याच्या नंतर येतो. अशा वेळी अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा किंवा आरएफ गेन उतरवा.

आणखी एक : शेजारी एका १५ सेकंदांच्या पाळीत पाठवतात, पुढच्या पाळीत ऐकतात. त्या मोकळ्या पाळीत तुम्हाला बँड स्वच्छ मिळतो. त्यांना फोन करून दोघांनी एकाच पाळीत पाठवायचं ठरवलंत, तर दोघांचाही त्रास जवळजवळ मिटेल.

प्रश्न (ऐरोली) : इमारतीतल्या लिफ्टचा आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट फार आहे. नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन, ऑटो नॉच यांतलं काय चालू ठेवावं?

उत्तर : नॉइज रिडक्शन आणि ऑटो नॉच बंदच. ऑटो नॉच स्थिर शिट्टी शोधून कापतो आणि डिजिटल सिग्नल त्याला शिट्टीसारखाच वाटतो. ब्लँकर फक्त तुटक, टोकदार ठोक्यांवर चालतो. जोरदार सिग्नल असताना तोच विकृती निर्माण करतो. संगणकाच्या ध्वनी-सेटिंगमधली 'एन्हान्समेंट'ही काढा. नुसता गोंगाट असताना प्रोग्रामचा मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवा.

गोंगाट मुळातून शोधायचा तर रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) पाहा. सुई उतरली तर चोर घरातच आहे : एकेक एमसीबी चालू करत जा. सापडलेल्या अडॅप्टरची वायर ३१ नंबर मिश्रणाच्या फेराइट रिंगमधून आठ-दहा वेढे देऊन घ्या. एकच वेढा एचएफवर फारसा कामाचा नाही.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) आणि पीएसके-३१ या मजकूर पाठवायच्या डिजिटल मोडसाठीही फिल्टर रुंदच ठेवायचा का?

उत्तर : स्टेशन शोधताना रुंद, संपर्क करताना अरुंद. आरटीटीवायच्या दोन टोनांमध्ये १७० हर्ट्झचं अंतर असतं. ५०० ने सुरुवात करा, गर्दीत २५० पर्यंत उतरा. पीएसके-३१ ला २५० ते ५०० पुरेसं. त्याहून फार आवळला तर पावसाळ्यात विजेचा प्रत्येक कडकडाट फिल्टरमध्ये घंटेसारखा रेंगाळतो आणि अक्षरं चुकतात.