हायब्रिड सायकल घेताय? आधी पायांची उंची मोजा

दादा, तुमची उंची साडेपाच फूट म्हणून 'मीडियम' घ्या, एवढ्यावर दुकानातून सायकल उचलू नका. सारख्याच उंचीच्या दोघांचे पाय कमीजास्त लांबीचे असतात. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ७६ सेंटीमीटर आले, तर फ्रेमचा आडवा दांडा जमिनीपासून ७१ ते ७३ सेंटीमीटरवर हवा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर दम लागून अचानक उतरावं लागतं, तेव्हा दांडा उंच असला तर तोल जातोच. माझी पहिली सायकल एक माप मोठी होती, आणि प्रत्येक चढावर मला धाकधूक वाटायची.

सीटची उंची नंतर जमवता येते: पेडल तळाला असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. पण हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमवरच ठरतं. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलून थोडाच फरक पडतो. चालवून बघा. कोपर ताठ राहत असतील, मान आखडत असेल तर ती फ्रेम मोठी आहे. दोन मापांत अडकलात तर मी लहानच घ्या म्हणेन.

आणि हो, सीटच्या दांड्याला ग्रीस लावून घ्या. खाऱ्या हवेत तो फ्रेममध्ये असा धरतो की मग हलत नाही.